दशमी मेढ्यात, एकादशी करहरात

साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्याची गाडी लागली तेव्हा रांग वगैरे काही नव्हती. खिडक्यांतून दोन रुमाल, एक पिशवी आणि एक मिटलेली छत्री आत गेली आणि जागा ठरल्या. ५ जुलै २०२५, शनिवार, आषाढातली दशमी. पाऊस भुरभुरत होता, पडतोय की नाही हे छत्री उघडल्यावरच कळावं असा. कंडक्टर मशिनमधून तिकिटं काढत पुढं सरकत होता. "अर्धं, अर्धं, आजी तुमचं फुकट, अर्धं." बायकांना एसटीत २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षापासून प्रवास मोफत. माझ्यापाशी येऊन तो थांबला.

"फुल?"

म्हटलं, फुल.

तो मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडीचं डिझेल पाव्हण्यांवर चाललंय. जरा नीट बसू द्या त्यांना."

फुकटवाल्या आजींनी लगेच मांडीवरची पिशवी आवरून घेतली आणि मला सहा इंच जागा वाढवून दिली. वर म्हणाल्या, "बस बाबा. तुझ्यामुळंच तर देवाला चाललोय."

मी कृष्णाकाठचा, सांगलीकडचा. आमच्या ऊसपट्ट्यातही माणसं चेष्टा करतात, पण आधी समोरच्याचा अंदाज घेतात. कारखाना कुठला, गट कुठला, आडनाव काय. जावळीकडची माणसं तेवढं थांबत नाहीत. देव, सरकार आणि स्वतः, तिघांचीही थट्टा एकाच आवाजात करतात आणि आवाज खाली आणायची गरज त्यांना वाटत नाही. नवी मुंबईत या भागातली माणसं भेटली तेव्हापासून हे मला माहीत होतं. ते त्यांच्या गावात बसून ऐकायचं मनात होतं आणि मुहूर्त आषाढीचा धरला होता, कारण करहरला त्या दिवशी जत्रा भरते.

मेढ्याला मुद्दाम असं कुणी जात नाही. लोक मेढ्यावरून जातात. केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला, नाहीतर कुसुंबीकडून कासच्या पठारावर. साताऱ्याहून गाडी निघाली की थोड्याच वेळात कण्हेर धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि मग वेण्णेचं खोरं हळूहळू अरुंद होत जातं. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, मेढ्यावरून वाहते आणि साताऱ्याच्या खाली संगम माहुलीला कृष्णेला मिळते. म्हणजे इथं पडलेला पाऊस शेवटी आमच्याच दारावरून जाणार. हे मी शेजारच्या आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमच्याकडं पूर येतो तवा आमाला शिव्या देत असाल."

रस्त्याच्या दोन्ही अंगाला चिखलणी चालली होती. पॉवर टिलर गुडघाभर चिखलात गुरगुरत होते. बायका ओळीनं वाकून भाताची रोपं लावत होत्या. डोक्यावरनं पाठीवर सोडलेला खताच्या पोत्याचा प्लास्टिकचा कागद, त्याची दोन टोकं गळ्याशी गाठ मारून बांधलेली. पूर्वी तिथं इरलं असायचं.

मेढा हे जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण. तहसील आहे, एसटीचं आगार आहे, अलीकडं नगरपंचायतही झाली आहे. गंमत अशी की जावळी तालुक्यात जावळी गाव नाही. चंद्रराव मोऱ्यांची जावळी, जी शिवाजी महाराजांनी १६५६ साली घेतली, ती आज महाबळेश्वर तालुक्यात मोडते. नाव इकडं राहिलं, गाव तिकडं गेलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी हे काढलं, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "आमचं सगळं तसंच हाय. घर हितं, माणसं वाशीला."

महाराज आणि मोरे यांच्यात जो पत्रव्यवहार झाला म्हणून सांगतात, त्यात मोऱ्यांची उत्तरं भलतीच उद्दाम आणि तितकीच मजेशीर आहेत. ती बखरीतून आलेली आहेत आणि त्यातलं अस्सल किती यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला विचाराल तर पत्रं खरी असोत वा नसोत, ती रचणाऱ्यानं जावळीच्या माणसाचा सूर बरोबर पकडलेला आहे. समोरचा फौजेनिशी दाराशी आला तरी आधी एक टोमणा मारायचा, मग बाकीचं.

हॉटेलात टीव्ही लावलेला होता आणि त्याच्याखाली गर्दी जमली होती. मुंबईत वरळीच्या डोममध्ये राज आणि उद्धव ठाकरे जवळजवळ वीस वर्षांनी एका व्यासपीठावर यायचे होते. पहिलीपासून हिंदी आणण्याचे दोन्ही शासन निर्णय सरकारनं २९ जूनला मागं घेतले होते आणि त्याचा हा विजयी मेळावा. दोघं भाऊ आले, मिठी मारली. हॉटेलात क्षणभर कुणी बोललं नाही. इथली निम्मी माणसं आयुष्यभर मुंबईत राहिलेली, सेनेच्या शाखेत उठबस केलेली. एकानं डोळे पुसल्यासारखंही केलं, पण ते तिखट मिसळीनंही असेल.

मग कोपऱ्यातला एक पैलवानी अंगाचा म्हातारा बोलला. "ह्यांना एक व्हायला जीआर लागला. आमच्या भावकीसाठी कोण जीआर काढतंय का बघा की."

झालं. त्या एका वाक्यावर हॉटेल सुटलं. कुणाच्या चुलत्यानं दोन फूट बांध रेटला होता, कुणाच्या वाटणीतला आंबा दरवर्षी दोन घरांत भांडण लावतो, कुणाचं घर भावाच्या सहीसाठी पंधरा वर्षं अर्धवट उभं. तुकड्यातुकड्यांची शेती, त्यातही डोंगरउतार. भाऊबंदकी हे इथलं मुख्य पीक आणि त्याला पाण्याची टंचाई नाही. पडद्यावर राज ठाकरे म्हणत होते की बाळासाहेबांना जे जमलं नाही ते फडणवीसांनी करून दाखवलं, दोघांना एकत्र आणलं. म्हाताऱ्यानं ग्लास खाली ठेवला. "मग फडणवीसांना आमच्या बांधावरबी आणा. चहा मी देतो."

पुढचा विषय अर्थातच दरे. एकनाथ शिंद्यांचं हे गाव मेढ्याहून डोंगरापलीकडं, कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर, महाबळेश्वर तालुक्यात. २०२४च्या नोव्हेंबरात निकाल लागले, मुख्यमंत्री कोण हे ठरत नव्हतं आणि शिंदे ताप आला म्हणून दऱ्याला जाऊन राहिले, तेव्हा सगळ्या देशाच्या कॅमेऱ्यांनी या डोंगरांचा रस्ता शोधला. तेव्हापासून ते गावाकडं निघाले की मुंबईत नाराजीच्या बातम्या सुरू होतात. हॉटेलातल्या एका तरुणानं त्याचा पंचांगासारखा अर्थ लावून दिला: "साहेब शेतात दिसले तर समजायचं, मंत्रालयात पाऊस हाय." दुसरा म्हणाला, "आमी रुसून गावाला आलो तर सेठ म्हणतो, तिकडंच राहा. मोठं व्हायचं ते एवढ्यासाठीच. रुसलं की हेलिकॉप्टर मिळतं."

यात राग नव्हता. मी मुद्दाम खोदून बघितलं. माणूस आपल्या डोंगरातला, आपल्यासारखाच पोटासाठी ठाण्याला गेलेला, रिक्षा चालवलेला. त्याच्याबद्दल बोलायचा हक्क आपला, असा तो सूर होता. याच तालुक्यातल्या शशिकांत शिंद्यांचा विषय निघाला, ते विरोधी बाजूचे आणि माथाडींचे पुढारी. त्यांनाही तीच वागणूक. थट्टेच्या बाबतीत मेढ्यात पक्षभेद पाळत नाहीत.

तो पैलवानी म्हातारा निवृत्त माथाडी निघाला. जावळी, पाटण या भागांतल्या पिढ्यानपिढ्या मुंबईच्या बंदरांत आणि बाजारांत ओझी वाहायला गेल्या. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि हमालाला मंडळ, हजेरी, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. पुढं बाजार मशीद बंदरहून वाशीला गेला तशी ही गावंही कोपरखैरणे-घणसोलीला गेली. "आमच्या पाठीवरनं मुंबईनं साखर खाल्ली," म्हातारा म्हणाला, आणि सदरा मागून वर करून मानेखालचा उंचवटा दाखवला. लिंबाएवढा घट्टा, कातडी काळी आणि गुळगुळीत झालेली. "डॉक्टर म्हणतो काढू या. म्हटलं, राहू द्या. ह्यो माझा पेन्शनचा दाखला."

त्यानंच मला एका मावशींकडं धाडलं. मी दारूबंदीचं विचारलं होतं.

जावळी हा राज्यातला पहिला दारूमुक्त तालुका, असं इथं अभिमानानं सांगतात. ते सरकारच्या हुकमानं झालं नाही, बायकांच्या मतांनी झालं. राज्यात तसा नियम आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं, मग गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान राहावं वाटत असेल तर उभीवर शिक्का, जावं वाटत असेल तर आडवीवर. आणि अट अशी की यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या. म्हणजे हजार बायकांची नावं असली तर ५०१ आडव्या हव्यात. नऊशे आल्या काय आणि सहाशे आल्या काय.

या अटीतली मेख मला मावशींनी समजावली. साठीच्या असतील, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. "आमदाराच्या मतदानाला जी बाई येत न्हाय तिचं मत कुणालाच न्हाय. हिथं जी येत न्हाय तिचं मत उभ्या बाटलीला. म्हंजी दुकानदाराला प्रचारच करायचा न्हवता. त्यानं नुसतं बसायचं. आमी मातूर दारोदार."

आणि दारोदार म्हणजे या तालुक्यात कुठपर्यंत? यादीतल्या बायका नवऱ्यांपाठोपाठ नवी मुंबईला गेलेल्या. नाव गावात, बाई ऐरोलीत, मत आपोआप उभ्या बाटलीत. त्यांना निरोप धाडायचे, गाडी करून आणायचं. मेलेल्यांची नावं यादीतून निघालेली नसायची. "आमची सासू जाऊन सा वर्सं झाली हुती. आयुष्यभर माळ घातलेली बाई, आन् यादीनं तिला दारूच्या बाजूला बसवलं."

हे सांगताना त्या हसल्या, मीही हसलो. भरल्या घरातल्या बायका रात्री निरूपणाच्या निमित्तानं देवळात जमायच्या आणि सह्यांचा कागद वहीच्या मधे ठेवून फिरवायच्या. या चळवळीला वारकऱ्यांचा आधार होता; बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ, तालुक्यात विलासबाबा जवळ यांच्यासारखे कार्यकर्ते. त्यामुळं नवऱ्यांची मोठी पंचाईत झाली. राजकारणाला म्हणून निघाली तर बायकोला अडवता येतं, कीर्तनाला निघाली तर कसं अडवणार? काही पुरुषांनी बायकांना गमतीत सांगितलं होतं म्हणे, चित्र नीट बघ, उभी म्हणजे दुकान उठलं आणि आडवी म्हणजे दुकान निवांत झोपलं. मावशी म्हणाल्या, "त्यांना वाटलं बायकांना बाटली कळत न्हाय. अवो, रोज रातीला उभी घरात येती आन् आडवी हुती, आमच्याइतकी बाटली कुणाला कळती?"

मी विचारलं, तुमच्या घरात कुणी घेत होतं का. शेंगा सोलणारा हात चालूच राहिला. "धाकटा दीर," त्या म्हणाल्या. एवढंच. मी पुढं काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या दोन तासांच्या बोलण्यात विनोद आला नाही असं तेवढं एकच वाक्य.

दुकानं बंद झाली म्हणून पिणं संपलं का? तसं कुणीच म्हणत नाही. चोरून विक्रीच्या, पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि हद्द ओलांडली की दुकानं आहेतच. हॉटेलातल्या तरुणानं मला आधीच ऐकवलं होतं, "तालुक्यात बाटली आडवी झाली. आता माणसं साताऱ्यात जाऊन आडवी होत्यात." पण मावशींचा हिशेब वेगळा आहे. आधी दुकान गावात होतं, पोराला पाठवून बाटली आणवायचे. आता गाडी काढावी लागते, पेट्रोल लागतं, रात्री घाटातून परत यायची भीती असते. "आठ दिवसांतलं चार दिवस तरी कंटाळा करत्यात. चार दिवस बी लई झालं." मला हा हिशेब बऱ्याच अहवालांपेक्षा प्रामाणिक वाटला. २०२२च्या जानेवारीत तेव्हाच्या सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद झाला, तेव्हा इथं काय म्हणाले असतील याची कल्पना करा. मावशींनी ते एका वाक्यात निकालात काढलं: "बाटली हाय ना? मग आडवी करायची."

रात्री मेढ्यातच राहिलो. पाऊस पत्र्यावर इतका जोरात आला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं घोरणं बुडून गेलं. इतक्या पावसाच्या गावात पाण्याची टंचाई असेल हे बाहेरच्याला पटत नाही. पण वेण्णेच्या वरच्या अंगाला बोंडारवाडीचं धरण व्हावं म्हणून ५४ गावं कितीतरी वर्षं भांडत आहेत, कारण पावसाळ्यात अंगणातून वाहिलेलं पाणी उन्हाळ्यात हंड्याला लागत नाही. दरम्यान खालच्या कण्हेरात ते साठतं आणि पुढं जातं. या विषयावर मला मेढ्यात एकही विनोद ऐकू आला नाही. मी वाट बघितली. बहुतेक इथली थट्टा आपल्या ताब्यातल्या गोष्टींची होते; बांध, बाटली, देव, गावचा मंत्री. धरण अजून ताब्यात आलेलं नाही.

सकाळी कुडाळमार्गे करहर. हे दुसरं खोरं, कुडाळी नदीचं, पाचगणीच्या पठाराच्या पायाशी. करहरला विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे आणि आषाढीला आसपासच्या गावांच्या दिंड्या तिथं येतात. प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला. भातलावणी ऐन रंगात असताना घरदार सोडून पंधरा-वीस दिवस पंढरीची वाट चालायला कुणाला सवड आहे? एक दिवस मात्र काढता येतो. इथल्या विठोबालाही ते ठाऊक असावं. दर्शनाच्या रांगेत पायांवर पोटरीपर्यंत चिखल वाळलेली माणसं उभी होती. पहाटे एक वाफा उरकून आलेली.

टाळ-मृदंगाच्या गजरात एक दिंडी आली. तिच्यातला विणेकरी भिजू नये म्हणून एकजण त्याच्यावर छत्री धरून मागं मागं चालत होता, आणि स्वतः पार भिजला होता. खरं तर छत्री विण्यावर होती. विणेकऱ्याचाही एक खांदा पावसातच होता.

पंढरपुरात पहाटे मुख्यमंत्र्यांची सपत्नीक महापूजा झाली होती आणि तिची चित्रफीत रांगेत फोनवरून फोनवर फिरत होती. मागची तीन वर्षं ही पूजा शिंद्यांनी केली, यंदा फडणवीसांनी. एक गृहस्थ फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "माणसं बदलत्यात. ह्यो मातूर तिथंच उभा. अठ्ठावीस युगं झाली, एकदाबी पक्ष बदलला न्हाय." त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. देवळाच्या दारात राजकारण नको, असं तिला म्हणायचं असावं. पण हसतही होती.

देवळाच्या एका बाजूला भारूड चाललं होतं. साडी नेसलेला, मिशी न काढलेला एक गडी विंचू चावल्याचं सोंग घेऊन लोळत होता. एकनाथांनी सोळाव्या शतकात पैठणला बसून हा प्रकार रुजवला. लोकांना हसवायचं आणि हसता हसता त्यांच्याच पदरातला काम-क्रोध बाहेर काढून दाखवायचा. इथून फार लांब नसलेल्या सज्जनगडावर समर्थ रामदासांनी देह ठेवला, आणि त्यांच्या दासबोधात तर विनोदाची गोडी ही टवाळाची खूण सांगितली आहे. समर्थांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, करहरच्या जत्रेनं या बाबतीत पैठणची बाजू घेतली आहे.

भारुडात विंचू उतरवायला मांत्रिक आला. त्यानं झोळीतून मोरपीस काढलं, रोग्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "आधार कार्ड हाय का?"

रोगी कण्हत म्हणाला, हाय.

"मोबाईल लिंक हाय का?"

न्हाय.

"मग विंचू उतरणार न्हाय. आधी केवायसी करून या. तवर विष साठवून ठिवा."

लोक हसून हसून लवले. पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई तर डोळ्याला पदर लावून हसत होत्या. आणि मग सोंगाड्या एकदम उठून बसला, आवाज बदलला, आणि विंचू कुठला आणि नांगी कुठं मारतो ते सांगू लागला. शेजारणीच्या दारात नवी गाडी लागली की कुठं झोंबतं, भावाला वाटणीत जास्त मिळालं की कुठं. हसणं विरलं नाही, पण माणसं जरा सावरून बसली. मला आदल्या दिवशीच्या हॉटेलातल्या बांधांची आठवण झाली. तिथं जे चहाबरोबर चाललं होतं तेच इथं मृदंगाबरोबर चाललं होतं, एवढाच फरक.

जत्रेत खायला काय नव्हतं! साबुदाण्याची खिचडी मोठ्या कढयांतून, उकडलेली रताळी, शेंगदाण्याचे लाडू, वेफर्स. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही. केळ्यांच्या एका गाड्यापाशी थांबलो. गाडा एका बागवानाचा, पन्नाशीचा माणूस, डोक्यावर जाळीची टोपी, टोपीवर प्लास्टिकची पिशवी. डझनाचे पैसे दिले आणि सहज म्हटलं, चाचा, तुम्हीही एक खा, सकाळपासून उभे आहात.

"आज रोजा आहे," तो म्हणाला. मग लक्षात आलं. ६ जुलै हाच मोहरमचा दहावा दिवस होता, आशुरा. "तुमचा उपास खाऊन होतो, आमचा न खाता होतो. म्हणून तर धंदा बरा चाललाय. आम्ही पण उपास धरून खायला लागलो असतो तर केळी पुरली नसती."

शेजारचा खिचडीवाला म्हणाला, "चाचा, आमच्या उपासात या. पाणी तरी पिता येतंय."

"आलो असतो," चाचा म्हणाले, "पण मग संध्याकाळी सोडायची मजा गेली."

मी त्यांना सांगितलं की आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगावला आज ताबुतांच्या भेटी असतील. ते उंचच उंच ताबूत, आणि त्यांचा मान हिंदू घराण्यांकडेही आहे. त्यांना ते ठाऊक होतं, एकदा जाऊन आले होते. २०२३ साली आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा ठिकठिकाणच्या मुसलमानांनी कुर्बानी पुढं ढकलली होती. तेही त्यांनीच आठवणीनं काढलं. "चंद्राचं गणित आहे साहेब," ते केळी मोजत म्हणाले. "दोघांचा चंद्र एकच. तुमची पंचांगं आणि आमची वेगळी, म्हणून रोज रोज गाठ पडत नाही. पडली की बरं वाटतं. गर्दी होते." आणि त्यांनी डझनावर एक केळं जास्त टाकलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "ते तुम्हाला नाही. रांगेत पोरं असतात."

रांग सरकत नव्हती. माझ्या पुढं चार-पाच बायकांचा घोळका होता आणि त्यांच्यात फोनवरचे मेसेज जुळवणं चाललं होतं. लाडक्या बहिणीचा हप्ता. एकीला आला, दुसरीला आला, तिसरीचा दीड हजाराचा मेसेज आला पण बँकेनं किमान शिल्लक नाही म्हणून त्यातलेच कापले. चौथीचं नाव छाननीत गेलं होतं. घरात चारचाकी आहे म्हणून. "चारचाकी!" ती म्हणाली. "दिराचा टेम्पो, तोबी हप्त्यावर, तोबी बंद पडलेला. त्यात आमी कोंबड्या ठेवतो."

"मग अर्ज कर की परत."

"केला. म्हणत्यात, तुमी अपात्र." तिनं फोन बंद करून कनवटीला खोचला आणि देवळाच्या कळसाकडं हात केला. "ह्यानं अजून छाननी लावलेली न्हाय, तवर दर्शन घेऊन टाकू."

पुढच्या बाईनं वळून विचारलं, "आन् ह्यानं विचारलं, घरात चारचाकी हाय का?"

"सांगन, हाय. ये बसून जा. कोंबड्या बाहेर काढते."

रांग एकदम चार पावलं पुढं गेली. मागून कुणीतरी ओरडलं, "पाव्हणं, सरका की म्होरं, बोलणं ऐकत काय बसलाय!" आणि मी सरकलो.